कुकीचा प्रश्न : संमतीचे सोंग आणि मक्तेदारीचे वास्तव

गेल्या काही वर्षांत एक समजूत मोठ्या पद्धतशीरपणे पसरवली जात आहे. ती अशी की, संकेतस्थळांवरून होणाऱ्या पाळतीचा प्रश्न आता जवळजवळ सुटला आहे. कोणतेही पान उघडताच त्याच्या तळाशी एक पट्टी वर येते, ‘आम्हाला आपल्या खासगीपणाचे मोल आहे’ असे नम्रपणे सांगते आणि पुढे ‘स्वीकारा’ असे ठळक बटण ठेवते. वाचणाऱ्याला विचारण्यात आले, त्याने होकार दिला, दोन स्वतंत्र पक्षांमध्ये करार झाला; मग तक्रार कसली, अशी ही मखलाशी आहे. त्यातले ‘मोल आहे’ हे विधान मात्र शब्दशः खरे मानले पाहिजे. ते मोल किती, हे या कंपन्यांना पैपैशापर्यंत ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त बटण दाबणाऱ्याला.

याच्या नेमके उलट दिसणारे दुसरे एक मत आहे आणि ते खुद्द चळवळीतील काही कार्यकर्त्यांच्या तोंडी ऐकू येते. हा सारा शहरी मध्यमवर्गाचा चोचला आहे, ज्याला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत त्याला कसला आला आहे खासगीपणा, आणि प्रामाणिक कामगाराजवळ लपवण्यासारखे असते तरी काय, असे हे मत. वरवर पाहता पहिले मत उदारमतवादी आहे आणि दुसरे लढाऊ. वास्तविक दोन्ही मते एकाच मुक्कामाला पोचतात, कारण पाळत ठेवणाऱ्या यंत्राचा मालक कोण आणि त्यातून येणारा नफा कोणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न दोन्ही मते विचारीत नाहीत. तो प्रश्न विचारायचा तर प्रथम यंत्र काय आहे हे समजून घेतले पाहिजे.

बिल्ला आणि मुनीम

संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरला मुळात स्मरणशक्ती नसते. एक पान मागितले, त्याने दिले, विसरला. त्याच माणसाने दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो नवाच माणूस. खरेदीची टोपली सांभाळायची किंवा एकदा नाव-परवलीचा शब्द दिल्यावर पुढच्या पानावर पुन्हा विचारायचे नाही, तर काही खूण हवी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने ही खूण तयार केली. सर्व्हर ब्राउझरला एक छोटा मजकूर देतो, बहुधा एक क्रमांक. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत परत दाखवतो. संगणक-कारागिरांच्या बोलीत अशा खुणेला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यावरून हिचे नाव कुकी पडले. बिस्किटाचे हे गोड नाव पुढे जाहिरातदारांच्या फारच उपयोगी पडले, हे ओघाने सांगायला हरकत नाही. मराठीत तिला बिल्ला म्हणावे. देवळाबाहेर चपला ठेवताना हातात क्रमांकाचा बिल्ला मिळतो. त्यावरून राखणदाराला एवढेच कळते की ही जोडी या बिल्ल्याची. भक्त कोण, कुठला, त्याने नवस काय केला हे कळत नाही, आणि कळण्याची गरजही नसते.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकावा, असा याहून सोपा मार्ग त्या वेळी उपलब्ध होता. तो मुद्दाम टाळण्यात आला, कारण त्यामुळे माणसाचा सर्वत्र माग काढता आला असता, असे माँटुली यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. प्रत्येक स्थळाने आपला वेगळा बिल्ला द्यावा आणि तो त्याच स्थळाला दाखवला जावा, ही रचना पाळत टाळण्यासाठीच होती. म्हणजे यंत्र जन्मतः पापी नव्हते. त्याला पाळतीच्या कामाला जुंपले ते बाजाराने.

ते कसे घडले? एक पान दिसायला एक असले तरी त्यातले तुकडे अनेक ठिकाणांहून येतात. मजकूर एका सर्व्हरवरून येतो, जाहिरात दुसऱ्यावरून, भेटी मोजणारे अदृश्य चित्र तिसऱ्यावरून. प्रत्येक तुकडा देणारा आपापला बिल्ला देऊ शकतो. आता अशी कल्पना करावी की बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाच्या दाराशी एकाच पेढीचा मुनीम बसला आहे. दुकाने वेगळी, मालक वेगळे, पण मुनीम त्याच पेढीचे आणि वही एकच. सकाळी औषधाच्या दुकानात, दुपारी कापडाच्या, संध्याकाळी सावकाराच्या दारात तोच बिल्ला दिसला की वहीत त्या माणसाचा सगळा दिवस उतरतो. ही झाली तिऱ्हाईत कुकी. ज्या स्थळाला आपण भेट दिली त्याची ती नसते. ज्याला आपण कधी बोलावले नाही त्याची असते.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या अभियंत्यांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९ या नावाने प्रसिद्ध झालेल्या मानकात (त्याच्या दोन लेखकांपैकी एक खुद्द माँटुली होते) अशा तिऱ्हाईत कुकी ब्राउझरने मुळातच नाकाराव्यात, हवी तर वापरणाऱ्याने ती सोय जाणीवपूर्वक चालू करावी, असे म्हटले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या त्या काळच्या दोन्ही बड्या ब्राउझर-कंपन्यांनी ते गुंडाळून ठेवले. तोवर जाहिरातीचा धंदा कुकीवर उभा राहू लागला होता. म्हणजे ‘नकार हा मूळ नियम, होकार हा अपवाद’ अशी व्यवस्था तंत्रदृष्ट्या शक्य होती, कागदावर लिहिली गेली होती, आणि १९९७ मध्येच तिचा बळी देण्यात आला. आज पट्टीवरच्या बटणांचा रंग कोणता असावा यावर चर्चासत्रे भरतात, तेव्हा हा इतिहास कोणी सांगत नाही.

खिडकी ज्याची, बाजार त्याचाच

पुढची वाटचाल मक्तेदारीच्या सर्वपरिचित नियमानेच झाली. डबलक्लिक ही जाहिरात-कंपनी तिऱ्हाईत कुकीवर मोठी झाली. १९९९ मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. अबॅकसकडे कोट्यवधी अमेरिकी कुटुंबांच्या खरेदीच्या, नावपत्त्यांसह, नोंदी होत्या. निनावी बिल्ल्याला नाव-पत्ता जोडण्याचा हा बेत होता. ओरड झाली, सरकारी चौकशी सुरू झाली, आणि २००० मध्ये कंपनीने बेत मागे ठेवला. उदारमतवाद्यांनी विजयाचा जयघोष केला. २००७ मध्ये गूगलने ३.१ अब्ज डॉलरला डबलक्लिक घेण्याचा सौदा जाहीर केला. मार्च २००८ मध्ये तो पुरा झाला. दोन्हीकडील माहिती स्पष्ट संमतीवाचून एकत्र करणार नाही, असे आश्वासन गूगलच्या धोरणात अनेक वर्षे होते. जून २०१६ मध्ये ते वाक्य धोरणातून गेले. जे २००० मध्ये लोकांनी हाणून पाडले ते सोळा वर्षांनी धोरणातल्या शब्दबदलाने पदरात पाडून घेतले गेले, आणि या वेळी ओरडही झाली नाही.

दरम्यान गूगलने २००८ मध्ये क्रोम हा स्वतःचा ब्राउझर आणला. आज जगातील सुमारे दोन-तृतीयांश लोक त्याच खिडकीतून इंटरनेट पाहतात. म्हणजे ज्या यंत्राने माणसाच्या वतीने कुकी नाकारायची, तेच यंत्र कुकीवर जगणाऱ्या कंपनीच्या मालकीचे. कुंपणच शेताचे मालक झाले, मग शेताने तक्रार कोणाकडे करायची?

जानेवारी २०२० मध्ये या कंपनीने मोठा गाजावाजा करून जाहीर केले की दोन वर्षांत क्रोममधील तिऱ्हाईत कुकी बंद होतील. मुदत २०२१ मध्ये पुढे गेली, २०२२ मध्ये पुन्हा गेली, एप्रिल २०२४ मध्ये आणखी एकदा. जुलै २०२४ मध्ये बेतच सोडण्यात आला, एप्रिल २०२५ मध्ये वापरणाऱ्याला वेगळा प्रश्न विचारण्याचाही विचार रद्द झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पर्याय म्हणून आणलेल्या बहुतेक तंत्रांचाही गाशा गुंडाळला गेला. तंत्रज्ञान अवघड होते काय? अॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्येच सर्व तिऱ्हाईत कुकी आपोआप बंद केल्या होत्या. फायरफॉक्सने त्याच्या आधीच्या वर्षी पाळतीसाठी ज्ञात असलेल्या कुकींना अटकाव सुरू केला होता. अडचण होती ती हिशेबवहीत. २०२४ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीची उलाढाल सुमारे ३५० अब्ज डॉलर होती आणि त्यांपैकी २६० अब्जांहून अधिक जाहिरातींतून आले होते. अॅपलला मात्र यावरून कोणी लोककल्याणाचे प्रमाणपत्र देऊ नये. सफारीत गूगलचा शोध आपोआप यावा म्हणून २०२२ या एका वर्षात गूगलने अॅपलला २० अब्ज डॉलर मोजल्याचे अमेरिकी न्यायालयातील कागदपत्रांतून उघड झाले आहे. एका दारावर पहारा आणि दुसऱ्या दाराचे भाडे, असा हा व्यवहार.

या प्रकरणातील नियामकांची भूमिका पाहण्यासारखी आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये गूगलच्या बेताची चौकशी सुरू केली आणि २०२२ मध्ये कंपनीकडून बंधने लिहून घेतली. तेथील मध्यवर्ती प्रश्न होता तो हा की, कुकी गेल्यास इतर जाहिरात-कंपन्या मागे पडून गूगल आणखी बळकट होणार नाही ना? प्रश्न खोटा नव्हता. पण परिणाम असा की पाळत ठेवणाऱ्यांमधील स्पर्धा जपता जपता ज्यांच्यावर पाळत होती ते कोपऱ्यात उभे राहिले. अमेरिकेतही ऑगस्ट २०२४ मध्ये शोध-सेवेत आणि एप्रिल २०२५ मध्ये जाहिरात-बाजारात गूगलची मक्तेदारी बेकायदेशीर असल्याचे न्यायालयांनी सांगितले. तरी क्रोम विकायला लावण्याची मागणी सप्टेंबर २०२५ मध्ये नाकारण्यात आली. ही मक्तेदारी बेकायदेशीर आहे, आणि चालू आहे.

‘स्वतंत्र’ संमती

आता संमतीकडे वळू. कारखान्याच्या फाटकाशी उभा असलेला बेकार कामगार आणि मालक यांच्यात ‘स्वतंत्र’ करार होतो, हे भांडवलदारी कायद्याचे आवडते गृहीतक. कागदावर दोघेही समान. फरक एवढाच की एक नाकारू शकतो आणि दुसरा नाकारला तर उपाशी राहतो. पट्टीवरची संमती याच घराण्यातली. रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा निकाल, नोकरीचा अर्ज यांच्या आड ती पट्टी उभी असते; माणूस घाईत असतो, अक्षर बारीक असते, ‘स्वीकारा’ एका टिचकीवर असते आणि नकार तीन दालने ओलांडून.

युरोपचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे, कारण तेथे कायदा सर्वांत कडक मानला जातो. २००९ च्या दुरुस्तीने कुकीसाठी आधी संमती आवश्यक झाली, मे २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा लागू झाला. तरीही, आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट सांगायला युरोपीय न्यायालयाला १ ऑक्टोबर २०१९ उजाडावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. दोष हाच की स्वीकारायला एक टिचकी पुरे आणि नाकारायला अनेक. बातमी मोठ्या अक्षरांत छापली गेली. हिशेब कोणी छापला नाही. गूगलच्या मूळ कंपनीची २०२१ ची उलाढाल सुमारे २५८ अब्ज डॉलर होती. तिच्या वेगाने मोजले तर तो दंड म्हणजे जेमतेम सहा तासांची कमाई. असा दंड ही शिक्षा नसते, ती धंद्यावरची एक किरकोळ पट्टी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच नियामकाला त्याच कंपनीला कुकी आणि जाहिरातींच्याच संदर्भात ३२.५ कोटींचा नवा दंड करावा लागला, यावरून पहिल्याचा धाक किती बसला ते दिसते.

या पट्ट्यांच्या पोटात एक दुसरे दालन असते. पहिल्या दालनात सर्व बटणे बंद केली तरी तेथे अनेक बटणे चालूच राहतात, आणि त्यांच्यावर मथळा असतो ‘कायदेशीर हितसंबंध’. इंग्रजी शब्दाचे हे सरळ भाषांतर. पण मराठीत ‘हितसंबंध’ म्हटल्यावर कष्टकऱ्यांच्या कानाला जो अर्थ लागतो, तो मूळ इंग्रजीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

कळस गाठला तो फेसबुकच्या मालक कंपनीने. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने युरोपात दोन पर्याय ठेवले: पाळत मान्य करा, नाहीतर दरमहा ९.९९ युरो भरा (फोनवरून घेतल्यास १२.९९). ज्या हक्काला सनदांमध्ये मूलभूत म्हटले जाते त्याचे दरपत्रक छापले गेले! एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने यासाठी २० कोटी युरोंचा दंड केला. पण त्या दरपत्रकाने एक गोष्ट कायमची स्पष्ट करून ठेवली: बाजाराच्या नियमाने सोडवल्यास खासगीपणा हा पैसेवाल्यांचा असेल आणि पाळत गरिबांवर.

अलीकडे काही पुरोगामी म्हणवणारे अर्थतज्ज्ञ यावर तोडगा सुचवतात की, माणसाची माहिती हेच त्याचे श्रम समजून कंपन्यांनी त्याचा मोबदला द्यावा. हा तोडगा फसवा आहे. पान वाचणारा माणूस त्या कंपनीचा मजूर नसतो. तो विश्रांतीच्या वेळेत बातमी वाचत असतो किंवा औषधाची किंमत शोधत असतो. जाहिरात-कंपनीचा नफा येतो तो माल विकण्याच्या खर्चातून, म्हणजे अन्यत्र कारखान्यांत व शेतांत निर्माण झालेल्या वरकड मूल्याच्या वाटणीतून. आणि तो खर्च अखेर मालाच्या किमतीत बसतो. वाचकाला महिन्याकाठी चार पैसे देऊन ही रचना तशीच ठेवणे म्हणजे पाळतीला मजुरीचा मुलामा देणे होय. मागणी मोबदल्याची नव्हे, पाळत थांबवण्याची असली पाहिजे.

कामगाराला लपवायचे काय?

चळवळीतल्या दुसऱ्या मताला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण ते प्रामाणिकपणे मांडले जाते. भाकरीपुढे खासगीपणा कशाला, हा युक्तिवाद नवा नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात केंद्र सरकारच्या वतीनेच तो सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आला होता, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना, गरिबांना फक्त अन्न हवे असते व हक्क नकोत हा विचार फेटाळून लावला. सरकारी वकिलाचा टाकून दिलेला युक्तिवाद कार्यकर्त्यांनी उचलून फिरवावा, हे शोभणारे नाही.

आणि प्रश्न लपवण्याचा नाहीच. वहीत माणसांची प्रतवारी होते आणि त्या प्रतवारीनुसार कोणाला काय दाखवायचे, कोणाला काय दाखवायचे नाही, हे ठरते. डिसेंबर २०१७ मध्ये कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या कामगार संघटनेने सॅन फ्रान्सिस्कोच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. आरोप असा होता की बड्या कंपन्या फेसबुकवर नोकरीच्या जाहिराती देताना वयाची मर्यादा घालतात, त्यामुळे प्रौढ कामगारांना त्या दिसतच नाहीत. कारखान्याच्या फाटकावर ‘चाळिशीपुढच्यांनी येऊ नये’ अशी पाटी लावली तर संप होईल. येथे पाटीच नसते. ज्याला वगळले त्याला आपण वगळलो गेलो हेही कळत नाही. संघटनेच्या आणि इतरांच्या दाव्यांमुळे मार्च २०१९ मध्ये फेसबुकला नोकरी, घर आणि कर्ज यांच्या जाहिरातींचे नियम बदलण्याचे कबूल करावे लागले. लढा कामगार संघटनेने लढवला, हे विसरू नये.

आजाराचेही तेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड झाला, कारण लोक कोणती औषधे शोधतात ही माहिती फेसबुक-गूगलसारख्या कंपन्यांपर्यंत अदृश्य चित्रांच्या मार्गाने पोचत होती. शिवाय जी वही जाहिरातदारासाठी लिहिली जाते ती सरकारलाही वाचता येते. अमेरिकी गुप्तहेर खाते आपले सावज ओळखण्यासाठी गूगलच्याच एका कुकीचा उपयोग करीत होते, हे डिसेंबर २०१३ मध्ये स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून बाहेर आले. संपाच्या आदल्या आठवड्यात कामगार कायद्याची कलमे शोधणाऱ्या माणसाला लपवण्यासारखे काय असते, असे पुन्हा विचारायचे काय?

आपल्याकडे बहुसंख्य कष्टकरी संगणकावर नव्हे, फोनवर असतात आणि फोनच्या अॅपमध्ये कुकीऐवजी त्या फोनला दिलेला जाहिरात-क्रमांक हेच काम करतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे. पण त्यामुळे वरील युक्तिवाद अधिकच भक्कम होतो. १९९४ मध्ये पाळतीच्या भीतीने जो एकच कायमचा क्रमांक टाळला गेला होता, तोच थोड्या वेगळ्या रूपात (पुसता येतो एवढीच सवलत ठेवून) प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे.

दिल्लीचा कायदा

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात ‘कुकी’ हा शब्दच नाही. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, असे म्हटले आहे. मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. एवढे चांगले आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण कलमे पुढे वाचावीत. सातव्या कलमात संमतीवाचून माहिती वापरण्याच्या सवलती आहेत; त्यांतली एक मालकासाठी. ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ किंवा मालकाला तोट्यापासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना हाताळता येईल. म्हणजे नागरिक म्हणून ज्याला विचारायचे, त्याने कारखान्याचे फाटक ओलांडले की त्याला विचारण्याची गरज संपली! सतराव्या कलमाने केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून वगळू शकते. देखरेखीसाठी जे मंडळ आहे त्याचे सदस्यही तेच सरकार नेमते. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३-अ कलम हाच कायदा काढून टाकतो. उलट खोटी तक्रार वगैरे कारणांवरून नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि अंमलबजावणीचा क्रम पाहावा. संमतीची, सूचनेची, नागरिकाच्या हक्कांची कलमे लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७. याच कायद्याने माहितीच्या अधिकारात केलेली दुरुस्ती मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये ताबडतोब लागू. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावे लागे. आता ती वैयक्तिक आहे एवढे म्हणणे पुरे. व्यापक जनहिताचे कलम अद्याप शिल्लक आहे, असे सरकार सांगते. पण हजेरीपटातील बोगस नावे आणि रेशनच्या याद्यांतील गैरव्यवहार ज्यांनी माहिती मागून उघडकीस आणले, त्यांना तालुक्याच्या कचेरीत त्या कलमाचा उपयोग किती होईल ते कोणीही सांगेल. कंपनीला दीड वर्षाची सवड, कंत्राटदाराला तात्काळ पडदा!

मे २०२७ पर्यंतचा काळ म्हणूनच महत्त्वाचा आहे. नकार हा मूळ नियम असावा आणि ब्राउझरमधून एकदा दिलेला नकार प्रत्येक स्थळावर कायद्याने बंधनकारक असावा. हे अशक्य नाही, कॅलिफोर्नियात असा संकेत पाळणे बंधनकारक आहे आणि तो न पाळल्याबद्दल सेफोरा या कंपनीला ऑगस्ट २०२२ मध्ये १२ लाख डॉलर भरावे लागले. याउलट ‘माझा माग काढू नका’ हा जुना संकेत कंपन्यांच्या खुशीवर सोडला होता. त्यांनी तो पाळला नाही आणि २०१९ मध्ये त्याचे मानक बनवणारा गटच बंद झाला. सातव्या कलमातील मालकाची सवलत रद्द करणे, भरपाईचा हक्क परत आणणे आणि माहितीच्या अधिकारातील दुरुस्ती मागे घेणे या मागण्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रात वेतन आणि बोनसच्या शेजारी आल्या पाहिजेत.

भाषेचाही एक मुद्दा आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे हा कायदा बंधनकारक करतो. म्हणजे इंदूर, सुरत, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कामगारालाही ती मराठीत मागता येईल. पण यंत्राने ओकलेले, अर्थ न लागणारे मराठी म्हणजे सूचना नव्हे. कोणाची पेढी, कोणती वही, किती दिवस आणि कोणाला विकणार, ही चार उत्तरे सूचनेत साध्या वाक्यांत नसतील तर त्या संमतीला हरकत घ्यावी.

आणि ही तपासणी आपल्या घरापासून सुरू करावी. अनेक संघटनांच्या पानांवर भेटी मोजण्याचे फुकट यंत्र बसवलेले असते, सभेचे चित्रण मक्तेदार कंपनीच्या चौकटीतून दाखवलेले असते, ‘आवडले’चे बटण लावलेले असते. संपाचे पत्रक वाचायला आलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद त्यामुळे ज्यांच्याविरुद्ध लिहायचे त्यांच्याच वहीत जाते. मोजणी स्वतःच्या सर्व्हरवर करता येते, चित्रणाचा नुसता दुवा देता येतो, बटण काढून टाकता येते. शाखेतल्या एखाद्या जाणकार कॉम्रेडचे हे एका संध्याकाळचे काम आहे. अशा पानावर मग पट्टी लावण्याची गरजही उरत नाही.